विश्लेषण : पाळीव राजहंसाची पिसे का झडतात? पंखाला इजा झाली तर काय करावे?

फार्महाऊस, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि शेततळ्यांच्या काठी पाळीव राजहंस आता सर्रास दिसतात. अनोळखी माणूस फाटकापाशी आला की कुत्र्याआधी ओरडणारा हा राखणदार. मात्र अंडी घालण्याचा हंगाम सरला, की अंगणात पिसांचा खच पडतो आणि पाळणारे धास्तावतात. कुणी मेडिकलमधून प्रतिजैविकाची पूड आणतो, तर कुणी अंगाला तेल चोळतो. बहुतेक वेळा यातल्या कशाचीही गरज नसते. मात्र याच आठवड्यांत पंखाला झालेली लहानशी इजाही जिवावर बेतू शकते.

एकाच वेळी इतकी पिसे कशी गळतात?

कोंबडीची पिसे टप्प्याटप्प्याने झडतात. राजहंस आणि बदकांचे तसे नसते. उडण्यासाठीची लांब पिसे ते वर्षातून एकदा, जवळपास एकदमच टाकतात. जंगली हंसांना या काळात तीन-चार आठवडे उडताच येत नाही. म्हणून ते पाण्याच्या आसपास राहतात. आपल्याकडचे पाळीव राजहंस याच जंगली हंसांचे वंशज. चोचीच्या मुळाशी गाठ असलेली चिनी जात पूर्व आशियातील स्वान गूजपासून आली, तर युरोपीय जाती कलहंसापासून. उडणे सुटले तरी पिसे टाकण्याचे वेळापत्रक सुटलेले नाही.

पीस जवळपास सगळे प्रथिनांचे असते. त्यामुळे नवी पिसे फुटताना पक्षी सुस्तावतो, अंडी थांबतात, वजनही थोडे उतरते. शिळा भात आणि पाव यांवर ही गरज भागत नाही. १६ ते १८ टक्के प्रथिने असलेले, औषध न मिसळलेले खाद्य आणि भरपूर कोवळे गवत मिळाले तर साधारण दीड महिन्यात पंख पुन्हा भरतात.

मग आजार कसा ओळखायचा?

टक्कल नेमके कुठे पडले आहे ते पाहावे. निम्मे निदान तिथेच होते. मादीची मान आणि पाठच उघडी पडली असेल तर दोष नराचा. जोड लावताना तो मानेची पिसे चोचीत धरतो. एका नरामागे तीन ते पाच माद्या असल्या आणि जोड लागण्यापुरते खोल पाणी असले तर हा त्रास कमी होतो. छातीवरची मऊ पिसे गेली असतील आणि मादी कोपऱ्यात ठाण मांडून बसत असेल, तर ती खुडुक आहे. घरट्यात अंथरण्यासाठी ती स्वतःचीच पिसे उपटते. शेपटीच्या मुळाशी किंवा पंखांवर कुरतडलेले बुंधे दिसले तर गर्दी, उपासमार किंवा कळपातली दादागिरी तपासावी. गुदद्वाराभोवतीची पिसे चिकट, काळपट दिसली तर पिसे बाजूला सारून कातडीवर उवा किंवा माइट्स फिरताना दिसतात का ते पाहावे.

आणखी एक प्रकार पावसाळ्यात हमखास दिसतो. पिसे गळत नाहीत, पण ओली, विस्कटलेली आणि चिखलाने माखलेली राहतात. शेपटीच्या वरच्या बाजूला असलेल्या ग्रंथीतले तेल हंस चोचीने पिसांना लावतो, म्हणून पाणी निथळून जाते. अंघोळीला स्वच्छ पाणी नसेल तर ही व्यवस्था कोलमडते आणि पक्षी गारठतो. डोके पूर्ण बुडेल एवढे पाणी रोज बदलून देणे हाच यावरचा पहिला उपाय. बाहेरून चोळलेले तेल उलट पिसांचे जलरोधकपण घालवते.

पीस तुटून रक्त आले तर?

नव्याने फुटणाऱ्या पिसाच्या नळीत रक्त खेळत असते. बुंधा निळसर, जाड दिसतो. असे पीस कुंपणात अडकून मोडले तर रक्त बराच वेळ वाहते. स्वच्छ कापडाने पाच-दहा मिनिटे सलग दाब द्यावा, वर मक्याचे पीठ दाबावे. न थांबल्यास ते पीस मुळासकट काढावे लागते. हे काम शक्यतो पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. पक्ष्याला लगेच वेगळे करावे, कारण रक्त दिसले की कळपातले इतर तिथेच टोचतात.

उडू नये म्हणून पंख कापणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. वाढ पूर्ण झालेलेच पीस कापावे. कापलेले पीस पुढच्या गळतीपर्यंत तसेच राहते, उपटलेल्याच्या जागी मात्र नवे लगेच फुटू लागते.

पंख लोंबकळत असेल तर?

माणसाने पंखाला धरून उचलणे, हे अशा इजांचे नेहमीचे कारण. राजहंस जड असतो, सारा भार एका सांध्यावर येतो. त्याला दोन्ही पंख अंगालगत दाबून, डोके मागे ठेवून बगलेत धरावे. पंख किंचित खाली असेल, पण पक्षी तो हलवत आणि खात असेल, तर आठ-दहा दिवसांची विश्रांती अनेकदा पुरते. हाड टोचते आहे, सूज वाढते आहे किंवा पंख फरफटतो आहे, तर घरगुती प्रयोग नकोत. पट्टी बांधायचीच तर पंख नैसर्गिक घडीत ठेवून बांधावी, छातीभोवती आवळू नये. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो. छातीचे हाड हलले नाही तर श्वासच थांबतो.

वाढत्या पिल्लांच्या पंखाचे टोक बाहेर वळते, ती इजा नव्हे. अतिपोषक खाद्यावर पिसे हाडांपेक्षा वेगाने वाढली की सांधा वळतो. सुरुवातीलाच पंख घडीत ठेवून तीन ते पाच दिवस पट्टी लावली आणि खाद्य सुधारले तर तो सरळ होतो. मोठ्या पक्ष्यात हा दोष कायमचा राहतो.

कोणती औषधे टाळावीत?

माणसांच्या वेदनाशामक गोळ्या मनाने देऊ नयेत. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे मेली, म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. जखम धुण्यासाठी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट दीड चमचा मीठ पुरेसे. नंतर चहाच्या रंगाइतके पातळ केलेले पोव्हिडोन आयोडिन लावावे. पावसाळ्यात जखम दिवसातून दोनदा पाहावी. माशीच्या अंड्यांतून एका दिवसात अळ्या बाहेर पडतात.

अचानक मरतूक, मान वाकडी होणे, डोके सुजणे अशी लक्षणे दिसली तर पक्ष्यांना हात न लावता पशुसंवर्धन विभागाला कळवावे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आढळला, तो कोंबड्यांत. पण हंस-बदके लक्षणे न दाखवताही हा विषाणू बाळगू शकतात. पशुवैद्यक जवळ नसेल तर १९६२ या क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करता येते. हिवाळ्यात जायकवाडी किंवा उजनीच्या काठी जखमी पट्टकदंब सापडला तर मात्र तो घरी न आणता वन विभागाकडे द्यावा. तो वन्यजीव कायद्याने संरक्षित पक्षी आहे.

जखमी राजहंसाला पूर्ण एकटे कोंडू नये. हा कळपातला पक्षी एकटा पडला की खाणे सोडतो. म्हणून जाळीपलीकडे सोबती दिसतील अशा जागी त्याला ठेवावे.