खाऱ्या पाण्यातला मासा अळणी का?

उत्तनच्या बंदरावरून ताजं पापलेट आणलं तरी कालवणात मीठ घालावंच लागतं. जन्मभर समुद्रात राहिलेला मासा अळणी कसा? ‘चोवीस तास पाण्यात, त्याला कसली तहान’ असं आपण म्हणतो, पण त्याच्याइतकं तहानलेलं कुणी नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पापलेटच्या रक्तात त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे अंगातलं पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढलं जातं. ती तूट भरायला मासा समुद्राचंच पाणी पितो, जास्तीचं मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी बेताची करतो.

मुशीची तऱ्हा निराळी. ती रक्तात युरिया साठवते, म्हणून तिचं पाणी ओढलं जात नाही. मुशी तशीच पडून राहिली की नाकाला झोंबणारा वास सुटतो, तो याच युरियाचा जिवाणूंनी केलेला अमोनिया.

‘तिवरांना मीठच लागतं’ हाही एक पक्का समज. भाईंदरच्या खाडीकाठचं तिवर मीठ सोसतं, एवढंच खरं. त्याची रोपं समुद्राहून कमी खाऱ्या पाण्यात जास्त जोमाने वाढतात. पानांवर मीठ दिसतं म्हणून सगळं मीठ पानांतूनच जातं असं वाटतं, पण नव्वद टक्क्यांच्या आसपास मीठ मुळंच दारात अडवतात. उरलेलं पानांतल्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवसांत तिवराच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागेल.

आपल्याकडे असे कल्ले नाहीत, अशा ग्रंथी नाहीत. आपली मूत्रपिंडं समुद्राइतकी खारट लघवी करू शकत नाहीत, म्हणून समुद्राचं पाणी प्यायलं तर ते मीठ धुवायला अंगातलंच पाणी खर्ची पडतं. तरीही जुलाब झाले की ‘जरा जास्तच मीठ घाल’ असा सल्ला घरोघर मिळतो. तो धोक्याचा आहे, लहान मुलांना तर फारच. आतड्यात मीठ साखरेच्या जोडीने शोषलं जातं आणि त्यांच्यामागून पाणी जातं; म्हणून प्रमाण महत्त्वाचं. ओआरएसची पुडी मिळाली तर तीच वापरा. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मुलाला पाजण्याआधी स्वतः चाखून पाहा: आसवांपेक्षा खारट लागलं, तर ओतून द्या आणि नवं करा.