मूळव्याध अचानक सुजली तर? कापाकापीच्या आधी बरंच काही करता येतं

मंडळी, या दुखण्यावर होडीत कुणी उघड बोलत नाही. जाळं ओढताना दात आवळायचे आणि "बंदीत बघू" म्हणून पुढे ढकलायचं. बंदी १ जूनला लागते, दुखणं तोवर थांबत नाही. म्हणून आज लाज बाजूला ठेवून लिहितो.

नेमकं होतं काय?
गुदद्वारापाशी रक्तवाहिन्यांच्या मऊ गाद्या सगळ्यांनाच असतात. कुंथून त्या फुगतात. आतली मूळव्याध बहुधा दुखत नाही, फक्त लाल रक्त पडतं. बाहेरच्या कोंबात रक्त गोठलं तर मात्र एका दिवसात निळसर, टणक गाठ येते आणि बसवत नाही. पहिले दोन-तीन दिवस कठीण, मग दुखणं उतरतं. गाठ काही आठवड्यांत आपोआप विरते.

घरी काय करायचं?
१. टबात कोमट पाणी घेऊन १०-१५ मिनिटं बसा, दिवसातून दोन-तीनदा. मीठ, डेटॉल काही नको.
२. स्वच्छ फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ लावा. नुस्त्याच्या पेटीतला बर्फ नको!
३. रोज इसबगोल घ्या, सोबत ग्लासभर पाणी हवंच. पाणी कमी पडलं तर उलट जास्त घट्ट होतं.
४. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. बधिर करणारं मलम डॉक्टरांना विचारून, थोडेच दिवस.
५. शौचाला मोबाईल घेऊन बसू नका, कुंथू नका आणि होडीवर आहोत म्हणून दाबूनही ठेवू नका.

आणि जेवण? नुस्त्यात चोथा अजिबात नसतो. हुमण-भात रोज खा, पण ताटात तांबडी भाजी, वाल, पपई, पेरूही येऊ दे.

दवाखान्यात काय होतं?
गाठ तीन दिवसांच्या आत दाखवली आणि दुखणं फार असेल, तर डॉक्टर जागा बधिर करून ती काढू शकतात. उशीर झाला असेल तर बहुधा औषधांवरच ठेवतात. आतल्या मूळव्याधीतून सारखं रक्त जात असेल तर मुळाशी रबराचं छोटं कडं बसवतात. रक्तपुरवठा तुटतो, कोंब सुकतो आणि काही दिवसांत कड्यासकट गळतो. भूल नाही, टाके नाहीत. कोंब सुकवणारं इंजेक्शन हाही एक उपाय आहे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच सांगा.

थांबू नका, जर:
• रक्त थांबत नसेल किंवा चक्कर येत असेल
• शौच डांबरासारखं काळं होत असेल
• ताप, पू किंवा लघवी अडकणं
• बाहेर आलेला कोंब आत जात नसेल आणि काळा पडत असेल
• वजन घटतंय, शौचाची सवय बदललीय किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलंय

शेवटच्या बाबतीत तपासणी हवीच. प्रत्येक रक्त मूळव्याधीचं नसतं, आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो.

"एका इंजेक्शनात गॅरंटीने बरी" अशा पाट्यांपासून लांब राहा. कसलं तरी जाळणारं औषध लावून घेतलं की जखम होते आणि वाट आकसते. आधी साखळीच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा. गरज पडली तर तिथून बांबोळीला गोमेकॉत पाठवतील.

घरातल्या बायकांनाही हे वाचून दाखवा. बाळंतपणाच्या आगेमागे त्यांनाही हा त्रास होतो आणि त्या तर मुळीच बोलत नाहीत.