लिनक्स टाकताना हार्ड डिस्कच दिसत नाही? आधी हे तपासा



विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायचा विचार बरेच जण करताय. पेन ड्राइव्ह लावला, इन्स्टॉलर सुरू झाला आणि डिस्कच्या यादीत काहीच नाही! लगेच नवी डिस्क आणायला धावू नका. बऱ्याचदा डिस्क ठणठणीत असते, अडचण सेटिंगची असते.

सगळ्यात आधी बॅकअप. बिलं, उधारीची वही, जीएसटीच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. कॉपी उघडून बघा. मगच पुढे.

१. बायॉसमध्ये डिस्क दिसते का? कॉम्प्युटर चालू होताना एफ२ किंवा डिलीट दाबा (कंपनीप्रमाणे बटण बदलतं). तिथेही दिसत नसेल, तर मशीन बंद करून प्लग काढा आणि साटा केबल, पॉवर केबल नीट बसवा. तरीही नाही? मग केबल बदलून बघा. एवढं करूनही दिसली नाही, तर डिस्क खराब असू शकते.

२. बायॉसमध्ये दिसते, इन्स्टॉलरमध्ये नाही? मग स्टोरेज मोड बघा. इंटेलच्या मशीनवर तिथे 'रेड', 'आरएसटी' किंवा 'व्हीएमडी' असतं. हा मोड चालू असला की डिस्क इंटेलच्या कंट्रोलरमागे जाते आणि इन्स्टॉलरला ती सापडत नाही. मोड 'एएचसीआय' करायचा, व्हीएमडी असेल तर बंद करायचं.

पण थांबा! विंडोजही ठेवायचं असेल, तर मोड थेट बदलू नका. विंडोज सुरूच होणार नाही. क्रम असा:

- बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.
- 'एमएसकॉन्फिग'मध्ये सेफ बूटवर टिक करा.
- रीस्टार्ट करून बायॉसमध्ये मोड बदला.
- विंडोज सेफ मोडमध्ये एकदा सुरू होऊ द्या, टिक काढा, पुन्हा रीस्टार्ट करा.

आणि दोन डिस्क जोडून खरंच रेड केलेलं असेल, तर मोडला हात लावू नका. डेटा जाऊ शकतो, जाणकाराला बोलवा.

३. शेवटची खात्री. यादीत एकच डिस्क दिसतेय? ती तुमचा पेन ड्राइव्ह तर नाही ना? साइज बघा. १६ जीबी म्हणजे पेन ड्राइव्ह, ५०० जीबी म्हणजे तुमची डिस्क. चुकीच्या डिस्कवर 'इरेज' दाबलं की मागे फिरता येत नाही.

हे काम दुकान बंद असलेल्या दिवशीच करा. गिऱ्हाईक समोर उभं असताना बायॉस उघडायचा नसतो!