डोंगराचे दोन नकाशे

सह्याद्रीच्या कुशीत ज्यांची घरे आहेत, त्यांना ‘दरड’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव आणि जुई, ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी पुन्हा महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी. माळीणमध्ये दीडशेहून अधिक माणसे गेली. इरशाळवाडीत २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण सापडलेच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत नव्हती. म्हणूनच डोंगराचा नकाशा कसा तयार होतो आणि त्यातून काय कळते, हे आपल्या घराघरांत माहीत असायला हवे.

डोंगराचे नकाशे दोन काढावे लागतात. एक आतल्या कातळाचा, दुसरा त्यावरच्या पांघरुणाचा.

आधी कातळ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. टणक थरांचे सरळ कडे झाले, ठिसूळ थर झिजून उतार झाले. म्हणून आपले डोंगर पायऱ्यांसारखे दिसतात. काही थरांच्या मध्ये तांबड्या चिकणमातीची पातळ पट्टी असते. कातळाच्या फटींतून मुरलेले पाणी तिथे अडते आणि बाजूने झऱ्याच्या रूपात बाहेर पडते. नकाशा करणारा भूवैज्ञानिक हातोडा, भिंग, होकायंत्र आणि जीपीएस घेऊन ओढ्याच्या पात्रातून वर चढतो, कारण तिथे कातळ उघडा असतो. रस्त्यासाठी कापलेली डोंगराची बाजू आणि विहिरीही तो पाहतो. काळे थर डोळ्यांना सारखेच दिसतात, म्हणून नमुने प्रयोगशाळेत तपासले जातात. अशा ओळखलेल्या थरसमूहांना नावे आपल्याच गावांची आणि घाटांची आहेत : इगतपुरी, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर.

दुसरा नकाशा माती, मुरूम आणि वरून घरंगळत आलेल्या धोंड्यांचा. हे पांघरूण कुठे हातभर असते, तर कुठे कित्येक मीटर जाड. खरी गोम इथेच आहे. उतार जिथे थोडा सौम्य होतो तिथे माती जास्त साचते, झराही जवळ असतो, म्हणून माणसे शेती आणि घरे तिथेच करतात. अतिवृष्टीत तीच माती पाण्याने जड होते, आत पाण्याचा दाब वाढतो, कातळावरची तिची पकड सुटते आणि ती घसरते. दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवले, त्यात उतार, जुन्या दरडी आणि जमिनीचा वापर मिळवला, की धोक्याच्या जागा दिसू लागतात.

१८५१ साली स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१४ पासून देशभर दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्यांचे प्रमाण १ : ५०,००० आहे. म्हणजे नकाशावरचा १ सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. दोनशे मीटर लांबीची वाडी त्यावर जेमतेम ४ मिलिमीटर भरते. एकेका घरामागच्या उताराचा निवाडा त्यावरून होणार नाही; त्यासाठी जवळून, मोठ्या प्रमाणावर पाहणी व्हावी लागते. शिवाय हा नकाशा ‘कुठे’ ते सांगतो, ‘केव्हा’ ते नाही.

या कामात आपल्या घरांचाही हातभार लागू शकतो. विहीर खोदताना कातळ किती हातांवर लागला, कोणता झरा पावसात अचानक वाढतो, पूर्वी दरड कुठे आली होती, हे बुजुर्गांना ठाऊक असते. मुलांना सुट्टीत वही देऊन दादा-दादींकडून ही माहिती लिहून घ्यायला सांगा. वाडीचा, मोहल्ल्याचा साधा नकाशा काढायला लावा. पाहणीला तज्ज्ञ आले, तर ही वही त्यांच्या उपयोगाची ठरेल.

घर बांधण्यासाठी उतारावरची जागा घेताना भावाबरोबर एवढेही विचारा : खाली कातळ किती खोल आहे आणि मागचा डोंगर कुणी कापला आहे का? आणि मुसळधार पावसात जमिनीला नव्या भेगा पडल्या, झाडे किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर सामानात जीव न गुंतवता मुलाबाळांसह तिथून बाहेर पडा, शेजाऱ्यांना उठवा आणि सुरक्षित जागी पोहोचताच तलाठी किंवा तहसील कार्यालयाला कळवा.