घरचे ध्वनिमुद्रण : सामग्री कशी निवडावी?

1944 साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले, तेव्हा आपला आवाज साठवून ठेवणारे यंत्र कामगाराच्या घरी नव्हते. आज ते येऊ शकते. पिंपरी-चिंचवडच्या वस्त्यांतून आणि चाकणच्या भाड्याच्या खोल्यांतून भजने म्हणणारा फिटर किंवा पोवाडे रचणारा वेल्डर मग विचारतो, की काय विकत घ्यावे? सर्वांत महाग मायक्रोफोन सर्वांत चांगला, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. कंत्राटी कामगाराने तिच्यापायी हप्त्यांचे ओझे घेणे तर मुळीच हिताचे नाही.

मायक्रोफोनच्या मुख्य जाती दोन. कंडेन्सर फार संवेदनशील. त्याला बहुधा 48 व्होल्टचा पुरवठा लागतो. शांत दालनात तो गळ्यातील बारीक हरकत टिपतो. पण पत्र्याच्या छताखाली शेजारचा प्रेस आणि पुणे-नाशिक रस्त्यावरील ट्रकही तितक्याच निष्ठेने टिपतो. डायनॅमिक जातीत पडद्याला जोडलेली तारेची गुंडाळी चुंबकापाशी हलते व त्यातून वीज निर्माण होते. तो दणकट असतो आणि तोंडाजवळ धरून गाण्यास सोयीचा. या जवळिकीतच खरा लाभ आहे. अंतर निम्मे केले की गायकाचा आवाज सुमारे 6 डेसिबलने चढतो. दूरचा ट्रक मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून गोंगाटाच्या खोलीत डायनॅमिकच घ्यावा आणि तोंडापासून चार बोटांवर ठेवावा.

दुसरी वस्तू इंटरफेस. मायक्रोफोनकडून आलेल्या विजेचे तो आकड्यांत रूपांतर करतो. एक गळ्यासाठी व एक ढोलकीसाठी, अशा दोन जोडण्या पुरेत. माणसाच्या कानाची मर्यादा सेकंदाला सुमारे 20,000 कंपनांची. तेव्हा सेकंदाला 44,100 किंवा 48,000 नमुने आणि 24 बिट यांपुढे पैसा घालण्याचे कारण नाही. तिसरी वस्तू कान पूर्ण झाकणारा हेडफोन, म्हणजे त्यातील ताल पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरत नाही. संगणकावर ऑडासिटी हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. मोठे स्पीकर शेवटी घ्यावेत. लहान खोलीत खर्जाचे स्वर घुमतात आणि कानाला फसवितात.

राहता राहिली खोली. भिंतीवर टांगलेल्या गोधड्या प्रतिध्वनी शोषतात. बाहेरचा गोंगाट त्या अडवीत नाहीत. त्याला वजनदार भिंत लागते, आणि ती भाडेकरूच्या हाती नसते. वेळ मात्र आपल्या हाती आहे. पिंपरी-भोसरीच्या पुष्कळ कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. त्या दिवशी मुद्रण करावे.

दुकानात जाण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य करावी. पंखा बंद करून मोबाईलवर दोन मिनिटांची निव्वळ शांतता मुद्रित करावी व ती हेडफोनने ऐकावी. त्या शांततेत जे ऐकू येईल, तेच उद्या आपल्या पोवाड्यातही ऐकू येणार आहे. सामग्रीची यादी ते ऐकल्यावरच करावी.