गोवर पंधरा, फ्लू सोळा!

धाम नदीकाठच्या पवनारला विनोबा भावे १९३८ साली राहायला आले. त्याच्या वीस वर्षं आधी, १९१८ मध्ये, इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांची आई रुक्मिणीबाई बडोद्यात वारली होती. मुंबई बंदरात जूनमध्ये दिसलेला तो ताप दिवाळीच्या आत देशभर पोचला. एवढ्या लवकर कसा?

गंमत अशी की फ्लूचा रुग्ण गोवराच्या रुग्णाइतका आजार ‘वाटत’ नाही. कुणालाच संरक्षण नसलेल्या गावात गोवराचा एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना आजार देतो. १९१८ च्या फ्लूचा एक रुग्ण जेमतेम दोघांना. पण गोवराला एकाकडून दुसऱ्यापर्यंत जायला सुमारे बारा दिवस लागतात, फ्लूला तीन. आता बोटांवर मोजा. बारा दिवसांनी गोवराचे नवे रुग्ण पंधरा. तेवढ्यात फ्लूचे एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा! म्हणून एक रुग्ण किती जणांना आजार देतो, एवढंच विचारून भागत नाही. किती दिवसांत, हेही विचारावं लागतं.

गोवर थांबवायचा तर त्या पंधरांपैकी चौदा जण आधीच सुरक्षित हवेत. चौदा भागिले पंधरा, म्हणजे ९३ टक्के. लसीकरणात ९५ टक्क्यांचा आग्रह धरतात तो यामुळेच, आणि आशाताई दुसऱ्या डोससाठी पुन्हा पुन्हा दार ठोठावतात तेही यामुळेच.

साथीचं सगळ्यात गाजलेलं गणित मात्र आपल्या मुंबईच्या आकड्यांवर तपासलं गेलं. डिसेंबर १९०५ ते जुलै १९०६ या काळात मुंबईत प्लेगने दर आठवड्याला किती माणसं दगावली, ते आकडे घेऊन कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक या दोघा शास्त्रज्ञांनी १९२७ साली आपलं समीकरण मांडलं. आठवड्याला नऊशेच्या आसपास मृत्यूंपर्यंत चढलेला आलेख त्यात सुबक बसला. मॅकेन्ड्रिक भारतात लष्करी वैद्यकीय सेवेत राहिलेले. कर्मॅक यांची दृष्टी १९२४ साली प्रयोगशाळेतल्या अपघातात गेलेली. न दिसणाऱ्या आलेखावर त्यांनी जे काम केलं, त्यापुढे मान लवते. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, म्हणून हे गणित त्याला ढोबळच लागू होतं. पण त्यातून निघालेली गोष्ट आजही कामाची आहे: साथ ओसरण्यासाठी गावातल्या प्रत्येकाला लागण व्हावी लागत नाही. लागण होऊ शकेल अशी माणसं ठराविक संख्येखाली आली की साथ उताराला लागते.

आणि सगळ्यात संथ? कुष्ठरोग. लक्षणं दिसायला सरासरी पाच वर्षं, कधी वीससुद्धा. शिवाय बहुतेकांच्या अंगात त्याच्याविरुद्ध उपजत ताकद असते. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ पासून कुष्ठसेवा उभी केली, तीही विनोबांच्या प्रेरणेने. पुढे १९५१ साली वर्ध्यातच गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान आलं आणि घरोघर जाऊन रुग्ण शोधायची पद्धत रुजली. इतक्या संथ रोगाचा वेग मोजायची युक्ती भारी आहे. नव्या रुग्णांत लहान मुलं किती, ते पाहायचं. वीस वर्षांपूर्वीची लागण दहा वर्षांच्या पोरात दिसणारच नाही. त्याच्या अंगावर बधिर चट्टा दिसला, तर रोग गावात अलीकडेपर्यंत पसरत होता हे नक्की. मग घरच्यांना आणि शेजाऱ्यांना रिफाम्पिसिन या औषधाचा एकच डोस देतात. पुढच्या दोन वर्षांतला त्यांचा धोका साधारण निम्म्यावर येतो.