आर्माडाचं दार लागेना!

'धाडऽऽ' असा आवाज आल्याशिवाय आमच्या घरात गाडीचं दार लागलं, असं कुणी मानतच नाही. बाबांची महिंद्रा आर्माडा १९९७ची, म्हणजे जवळपास माझ्याच वयाची. गेल्या वर्षी मात्र धाड करूनही दार लागेना. हँडल धरून वर उचलायचं, गुडघ्याने ढकलायचं, मग कुठे ते अडकायचं. वणीहून परत येताना एका स्पीडब्रेकरवर आईच्या बाजूचं दार चक्क उघडलं. गाडी हळू होती, आईने डॅशबोर्ड पकडला, काही झालं नाही. पण त्या संध्याकाळी बाबांनी चावी फ्रिजवर ठेवली ती ठेवलीच. 'देऊन टाकू भंगारात,' म्हणाले. आमच्या घरात हे वाक्य म्हणजे मामला एकदम सिरीयस.

गंमत म्हणजे दोनच महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये आम्ही बॉडीखालची सगळी रबरं नवीकोरी टाकून घेतली होती. नवीन पार्ट टाकल्यावर गाडी बिघडते कशी? तिथे विचारलं तर उत्तर मिळालं, 'जुनी गाडी आहे मॅडम, दाराचा बिजागर ठोकून वाकवू.' ठोकून? नको रे बाबा!

आता थोडा टेक्निकल फंडा. तुमच्या-माझ्या स्विफ्टमध्ये बॉडी आणि सांगाडा एकच असतो. आर्माडाचं तसं नाही. खाली शिडीसारखी जाड चेसिस आणि तिच्यावर ठेवलेली वेगळी बॉडी. दोघांच्या मध्ये रबराचे माउंट, त्यातून जाणारे बोल्ट. खड्ड्यांचे हादरे आणि चेसिसची पिळवट ही रबरं खातात. वर्षानुवर्षं ती चेपतात, तडकतात, आणि बॉडी थोडी-थोडी बसते. सगळीकडे सारखी बसली तर ठीक. एका कोपऱ्यात जास्त बसली, की दाराची चौकट तिरकी. घराचा पाया खचल्यावर खिडक्या अडकतात ना, डिट्टो तसंच.

आणि नाशिककरांनी तरी या गाड्यांना नाकं मुरडू नयेत. महिंद्राने १९४७ साली विलिस जीप जोडायला सुरुवात केली, १९९३मध्ये आर्माडा आणली. त्यानंतर २०००ची बोलेरो आणि २००२ची स्कॉर्पिओ या आपल्या नाशिकच्या प्लँटमधून बाहेर पडल्या. २०२०मध्ये आलेली नवी थारही नाशिकचीच, आणि तीही चेसिसवर बॉडी ठेवलेली. त्यामुळे सातपूर-अंबडच्या गल्ल्यांमध्ये ही विद्या जाणणारी माणसं अजून सापडतात.

असेच एक मिस्त्रीकाका मला सातपूरला भेटले. त्यांनी आधी दार उघडून अर्धवट ठेवलं आणि खालून हाताने वर-खाली हलवलं. बिजागराची पिन झिजली असती तर तिथेच खडखडली असती. नाही खडखडली. मग पुठ्ठा टाकून ते सरळ गाडीखाली शिरले. दोन मिनिटांनी आतून आवाज आला, 'पॅकिंग कुठंय?'

इथेच सगळी मेख होती. तेव्हाच्या या बॉड्या एकीसारखी दुसरी तंतोतंत नसायच्या. त्यामुळे कुठल्या माउंटखाली एक पत्र्याची चकती, कुठे दोन, कुठे एकही नाही, असं करून बॉडी लेव्हलला आणलेली असते. त्या चकत्यांना कुणी शिम म्हणतं, काका पॅकिंग म्हणतात. आधीच्या गॅरेजवाल्यांनी जुन्या रबरांसोबत त्याही कचऱ्यात टाकल्या. पुढचं दार जिथे टांगलेलं असतं, तो काचेजवळचा खांब त्यामुळे खाली बसला. खांबाबरोबर दार खाली आलं आणि त्याचं लॉक समोरच्या खुंटीच्या खाली धडकू लागलं. बिजागर ठोकून काय होणार होतं, कप्पाळ!

मग सुरू झालं दोन दिवसांचं ऑपरेशन. ब्रेकचे पाइप, वायरिंग, डिझेल भरायची नळी, स्टिअरिंगचा दांडा, कुठे काही ताणलं जात नाही ना, हे आधी तपासलं. फॅन आणि रेडिएटरमधल्या जागेवर एका पोराला लक्ष ठेवायला बसवलं. बोल्ट सैल केले, पण काढले नाहीत. जॅकवर लाकडाची जाड फळी ठेवून, म्हणजे पत्रा दबायला नको, एक बाजू अगदी बोटभर उचलली. पुढच्या माउंटखाली एक चकती सरकवली. गाडी पुन्हा चारी चाकांवर सोडली. जॅकवर असताना फटी मोजायच्या नाहीत, कारण तेव्हा चेसिसच वाकलेली असते.

फट मोजायचं काकांचं हत्यार म्हणजे पाच एमएमचा ड्रिल बिट. तो दाराच्या कडेने वरपासून खालपर्यंत फिरवायचा. वर सैल, खाली टाइट. आणखी एक पातळ चकती. पुन्हा वर, पुन्हा खाली. दुपारपर्यंत मी तीन कटिंग चहा संपवले होते आणि आम्ही अजून एकाच दारावर होतो!

पण यांचा क्रम पक्का. आधी दाराची चौकट, मग दार, मग दाराला धरून पुढचा मडगार्ड, त्याला धरून बोनेट आणि सगळ्यात शेवटी बंपर. पुढून सुरुवात केली असती, तर दार सरकलं की सगळं परत सोडावं लागलं असतं. बोल्टही एकदम आवळायचे नाहीत. थोडा हा, थोडा तो, प्रत्येक वेळी दार लावून बघायचं. आणि कुठल्या माउंटला किती चकत्या, ते काकांनी खडूने चेसिसवर लिहिलं. मी फोनमध्ये फोटोही काढला. तुमच्याकडे अशी गाडी असेल, तर हे काम बोल्टला पाना लावायच्या आधी करा, प्लीज. या सगळ्या चकत्यांचा खर्च माझ्या दोन मल्टिप्लेक्स तिकिटांपेक्षा कमी झाला.

सगळं परफेक्ट झालं का? नाही. बोनेटची डावी फट अजून जरा मोठी आहे. 'ती कंपनीतूनच तशी असेल,' काका म्हणाले, आणि मी वाद घातला नाही. काही दिवस चालवून रबरं बसली की बोल्ट पुन्हा तपासायला बोलावलंय. २०२७मध्ये गाडीचं रजिस्ट्रेशन पुढच्या पाच वर्षांसाठी रिन्यू करायचंय. बाबांनी त्याची फाइल परवाच कपाटातून काढलेली मी पाहिली. भंगाराचा विषय कुणी काढलेला नाही.

रविवारी मिसळ खायला निघालो. आई बसली, दार ओढलं. नुसतं 'टक्'. तिने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा बाबांकडे.

'अहो, लागलं नाही वाटतं,' म्हणाली, आणि पुन्हा उघडून धाडकन आपटलं.